शिक्क्यावरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी डिग्री आहे. वय तसं फार नाही. पण बाद झालेली वस्तू लवकर जुनी होते. सीमाभागातल्या वडगावात जोतिराम विणकरांच्या घरी, लोखंडी ट्रंकेत, दोन जरीकाठी साड्यांच्या मध्ये माझा मुक्काम असतो.

माझा जन्म दूर किरगिझस्तानातला. तिथल्या एका वैद्यकीय विद्यापीठात मला जाड कागदावर छापलं, खाली निळा गोल शिक्का मारला आणि जोतिरामांच्या मंजुश्रीच्या हाती दिलं. बाहेर बर्फ पडत होतं. तरी तिनं हातमोजे काढून मला धरलं. तो गार स्पर्श मला अजून आठवतो.

वडगावात आले तेव्हा काय माझं कौतुक! आमच्याकडे पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. माझी लिपी मात्र कुणालाच वाचता येईना, त्यामुळे माझ्यावरून कुणी भांडलं नाही. शेजारच्या मनुबाई तर मला उलटं धरून म्हणाल्या, "लई झ्याक लिवलंय गं!" मी मनात टिपून ठेवलं: मला हातात घेण्याआधी हात पुसणारे थोडे, आणि "मग दवाखाना कधी?" विचारणारे सगळे.

दवाखान्याला अवकाश होता. परदेशातून शिकून आलेल्यांना इथली परीक्षा द्यावी लागते. मग कागदांची पडताळणी, मग इंटर्नशिप, मग नोंदणी. तोवर नावाआधी 'डॉक्टर' लावता येत नाही. मंजुश्री दोनदा नापास झाली. कौतुक करणारे वाट वाकडी करून जाऊ लागले. ती मात्र मागांच्या खडखडाटात कानांत कापूस घालून वाचत बसायची. शेवटी पास झाली, तेव्हा आप्पांनी, म्हणजे जोतिरामांनी, चालते माग बंद करून गल्लीभर पेढे वाटले.

पाठोपाठ खंडेनवमी आली. त्या दिवशी विणकरांच्या घरी माग थांबतात. मागावर आडवा धागा नेणारे धोटे, कात्र्या धुऊनपुसून पूजेला मांडतात. मंजुश्री कोगनोळीला मावशीकडे गेली होती. आप्पांनी मला ट्रंकेतून काढून धोट्याशेजारी ठेवलं.

"अवो, कागदाला कशाला कुंकू?" रुक्माबाईंनी नवऱ्याला हटकलं.

"माझं हत्यार धोटा, पोरीचं हत्यार ह्ये. धोट्याला लावायचं आन् हिला कोरडंच ठेवायचं व्हय?"

आणि त्यांनी ओल्या कुंकवाचं बोट नेमकं निळ्या शिक्क्यावर टेकवलं. खरं सांगू? असा मान मला माझ्या जन्मगावीही मिळाला नव्हता. मी हरखून गेले.

पडताळणीच्या कार्यालयात मात्र साहेबांनी मला उजेडाकडे धरलं आणि कन्नडमध्ये शांतपणे सांगितलं, की कुंकवामुळे शिक्का वाचता येत नाही, विद्यापीठातून दुसरी प्रत मागवा. म्हणजे यंदाची इंटर्नशिप हुकली.

घरी आल्यावर आप्पांनी ओलं फडकं घेतलं आणि मला घासायला लागले. लाल फिकं झालं नाहीच, निळंही पसरलं.

"घासू नका आप्पा! हाय ते बी जाईल!" मंजुश्रीनं मला ओढून घेतलं.

"माझ्याच हातानं तुझं वरीस घालवलं गं," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर कितीतरी दिवस ते लेकीशी मान वर करून बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी दुसरी प्रत आली. कोरी, करकरीत. तिच्यावर सगळं पार पडलं. आज मंजुश्री जवळच्या मच्छे गावी कारखान्यातल्या कामगारांना तपासते, आणि ती प्रत तिथं काचेच्या चौकटीत मिरवते. मी ट्रंकेत. वाईट वाटायचं.

पण गेल्या खंडेनवमीला मंजुश्रीनंच मला बाहेर काढलं आणि धोट्याशेजारी ठेवलं.

"लावा आप्पा."

"नगं गं. एकदा लावलं ते बास न्हाय?"

"भिंतीवरची लोकांना दाखवायला हाय. ही घरची."

आप्पांनी बोट कुंकवात बुडवलं. मग त्यांनी जुन्याच डागावर, जराही इकडं तिकडं न सांडता, कुंकू लावलं आणि लेकीकडं मान वर करून बघितलं.

मित्रांनो, घरातले महत्त्वाचे कागद पिशवीत घालून कोरडे ठेवा. पूजेला त्यांची झेरॉक्स मांडा, देव रागवत नाही. आणि कुणी मायेपोटी चूक केलीच, तर ती पुसायला फार घासू नका. लाल जात नाही, निळं मात्र जातं.