चोच फुटलेली झाकणं

“पत्र्याच्या जाडीवर जाऊ नको, पोरी. जाड पत्रा घालाले अक्कल लागत नाही. कडेची खोबण पाह्य. ती किती खोल, तिचं वळण किती गोल, त्याच्यावर झाकण टिकते. आन् टिकलं का नाही, ते सोताच्या हातानं मोजल्याबिगर कोणाले सांगू नको.”

सासरे वामनराव जाऊन तीन वर्षं होत आली, तरी मंजुश्रीनं कागदावर पेन्सिल टेकवली की त्यांचा आवाज आधी येऊन बसायचा. दुसरबीडच्या स्टँडपासून हाकेच्या अंतरावर त्यांनी उभी केलेली पत्र्याची शेड आता तीच चालवत होती. नवरा बुलढाण्याला कचेरीत. तो शनिवारी यायचा. शेडमध्ये दोन प्रेस, एक कॉम्प्रेसर, आणि पूर्वेच्या भिंतीला छोटासा देव्हारा. सकाळी दिवा लावून पोथीचा एक अध्याय वाचून झाल्याशिवाय तिनं कधी मशीन चालू करू दिलं नव्हतं. अध्याय संपेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, तोंडून वावगा शब्द नाही. नेम म्हणजे नेम.

काम होतं डब्यांच्या झाकणांचं. जालन्याचा एक आमरसवाला कारखाना पुढच्या हंगामासाठी नवं झाकण शोधत होता आणि ते मंजुश्रीनं आखलं होतं. वरवर पाहता काय असतं झाकणात? पण डब्यात रस भरून झाकण बसवलं की डबा वाफेच्या टाकीत शिजायला जातो. रस तापतो, फुगतो, आणि झाकणाला आतून असा रेटा देतो की विचारू नका. झाकणानं तेव्हा अडून बसायचं नसतं. पोट पुढे काढून रेटा सोसायचा, आणि डबा निवला की मुकाट आपल्या जागी परत बसायचं. त्यासाठी अंगावर एकात एक गोल वळ्या आणि कडेला खोल खोबण. पत्रा पातळ आला किंवा खोबण उथळ पडली, की रेटा एकाच बाजूनं वाट काढतो आणि कडेला चोचीसारखा कोपरा वर उठतो. चोच आलेला डबा मग काही केल्या सरळ होत नाही. आतला रस अमृत असला तरी गिऱ्हाईक हात लावत नाही.

अडीच किलोचा दाब झाकणानं सोसायला हवा होता. भाद्रपदात पहिली झाकणं निघाली तेव्हा खोबण चारच मिलिमीटर पडत होती. मंजुश्रीनं धम्मरत्नला सांगितलं, “साडेचार पाह्यजे. अर्धा मिलिमीटर कमी पडून राह्यला.” धम्मरत्न प्रेसवर डाय, म्हणजे झाकणाचा पोलादी साचा, बसवणारा, वामनरावांच्या हाताखाली तयार झालेला. दुसऱ्या दिवशी तो एवढंच म्हणाला, “झालं, ताई.” कसं झालं ते तिनं विचारलं नाही. तपासणीत दाबाचा काटा पावणेतीनवर गेला, तेव्हा तिनं देवापुढे साखर ठेवली. जालन्याहून नमुना पसंत आल्याचा फोन आला. आता शंभर झाकणं पाठवा म्हणाले.

आणि दसऱ्यानंतर झाकणांना चोच फुटू लागली.

एकाला नाही, दोनांना नाही. तपासणीच्या चौकटीत झाकण आवळायचं, खालून हवा सोडायची, काटा दोनच्या आत असतानाच टक्! कडेला कोपरा वर.

“चोच तर आली,” प्रेसवरचा गोकुळ म्हणाला, “आता अंडं कधी देते ते पाह्यचं.”

“गोकुळ, हसण्यावारी नेऊ नको. शनिवारी माल द्यायचाय.”

“मी कुठं हसलो, वहिनी? माहं तोंडच तसं आहे.”

मंजुश्रीचं मन मात्र हिशेब मांडायला बसलं होतं. डाय पोलादाची. पोलाद काही रातोरात झिजत नाही. आखणी तीच, प्रेस तीच, गोकुळ तोच. बदललं काय? पत्रा. दसऱ्याला धम्मरत्न दरसालाप्रमाणे दीक्षाभूमीला नागपूरला गेला, तीन दिवसांनी परतला, आणि दुसऱ्याच दिवशी टेम्पोतून जालन्याहून पत्र्याची नवी थप्पी घेऊन आला. गोदामाची किल्ली त्याच्याकडे. थप्पी उतरवली त्यानंच.

तिनं मायक्रोमीटर घेतला आणि वरचे पाच पत्रे मोजले. बरोबर होते. मग गोकुळला थप्पी उचलायला लावून खालचे पाच मोजले. तेही बरोबर. माणसानं इथं थांबावं. पण संशय असा थांबत नाही. वरचे मोजतील, खालचे मोजतील, हे त्याला ठाऊक असणार, तिनं मनात म्हटलं. पातळ पत्रे मधे घातले असतील.

मधलेही बरोबर निघाले, तेव्हा तिला बरं वाटायला हवं होतं. उलट संशय आणखीच बळावला. पातळ पत्रे संपले असतील वापरून! झाकणं झाली की पुरावाच गेला.

त्या दिवसापासून ती धम्मरत्नकडे बघत राहिली. पोथी वाचतानासुद्धा ओळीवरून नजर सुटून शेडच्या दाराकडे जायची. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर लिंबाखाली बसलेले असताना ती पाणी प्यायला आत आली, तर धम्मरत्न एकटाच प्रेसपाशी वाकलेला. हात डायच्या आत, मनगटापर्यंत. बाजूला व्हर्नियर, आणि एक छोटी वही. तिची चाहूल लागताच त्यानं वही खिशात घातली.

“काय करून राह्यला रे?”

“काही नाही, ताई. पाहत होतो.”

“जेवला नाहीस?”

“जेवतो.”

तो तिच्या डोळ्याला डोळा न भिडवता बाहेर गेला. आखणी उतरवून घेतोय, तिच्या मनानं लगेच निकाल दिला. जालन्याला दुसऱ्या कोणाला विकायची असेल. मोठी वर्कशॉपं आहेत तिकडे. त्यांना काय, तयार आखणी मिळाली की झालं.

गुरुवारी तिचा उपास होता. संध्याकाळी सुट्टी झाली. सगळे निघाले, तसा धम्मरत्नही सायकलला पिशवी अडकवून निघाला. पिशवी नेहमीपेक्षा ताठ दिसत होती. मंजुश्री दारात आडवी उभी राहिली. आवाज तिनं चढवला नाही. तो तिला कधी चढवताच आला नव्हता.

“पिशवी उघड.”

गोकुळ आणि शेडमध्ये कामाला असलेल्या दोन बाया थबकल्या. धम्मरत्ननं पिशवी उघडली. डबा, टॉवेल, आणि टॉवेलात गुंडाळलेला पत्र्याचा तुकडा, तळहाताएवढा. झाकणाचा नव्हे, जरा जाड, भंगाराच्या पेटीतला.

“हे काय?”

“ताई, उद्या सांगतो.”

“उद्या काऊन? आत्ता सांग.”

त्यानं गोकुळकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं. मान खाली घातली. “चारचौघात नाही सांगत.”

“चोराले चारचौघात बोलता येतच नाही,” मंजुश्री म्हणाली, तितक्याच मऊ आवाजात. “किल्ली दे.”

त्यानं किल्ली दिली. पत्र्याचा तुकडा तिनं मागितला नाही, आणि त्यानंही ठेवला नाही. टॉवेलात परत गुंडाळून सायकलवर टांग मारली.

मंजुश्री स्टँडकडे गेली ती टेम्पोची चौकशी करायला. स्टँडसमोर पंजाबरावांचं हॉटेल होतं, आणि टेम्पोही त्यांचाच. भज्यांची कढई चालू होती, बाकांवर सात-आठ जण बसले होते.

“काय वहिनी, माल होऊन राह्यला ना? का शनिवारी मले रिकामा टेम्पो पळवा लागते जालन्याले?”

“होईल, भाऊजी. घरातच साप पाळला होता, मले कुठं ठावं.”

“कोणता साप?”

तिनं नाव सांगितलं. पत्रा चोरताना पकडला, म्हणाली. बाकावरची माणसं चहा प्यायची थांबली. कोणीतरी हळूच म्हणालं, “मले वाटलंच होतं.” त्याला काय वाटलं होतं आणि कधी, ते कोणी विचारलं नाही. घरी येऊन मंजुश्रीनं उपास सोडला, पण घास गोड लागला नाही.

शुक्रवारी दुपारी दीपमाला आली. धम्मरत्नची बायको, अंगणवाडीत सेविका. सरळ शेडमध्ये शिरून तिनं टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या: ती छोटी वही, आणि एक पातळ गोल चकती, मधे भोक असलेली, काठ कानशीनं घासून गुळगुळीत केलेले.

“हा तुमचा पत्रा,” ती म्हणाली. “चोरीचा माल परत करून राह्यली. मोजून घ्या.”

“दीपमाला, बस आधी.”

“बसाले नाही आली. वही वाचा.”

धम्मरत्नचं अक्षर बारीक, लहान मुलासारखं गोल होतं. तारखा, आणि तारखेपुढे आकडे. दसऱ्याआधी खोबण साडेचार, साडेचार, साडेचार. दसऱ्यानंतर चार, चार, चार. खाली एक ओळ: *ठशाखालची अर्ध्याची चकती नाही. गोकुळ म्हणते नवमीले ठसा काढला होता.*

मंजुश्रीला आधी काहीच कळलं नाही. मग सगळं एकदम कळलं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. दरवर्षी ती हातोड्या, बोल्टचे पाने, कानशी पाटावर मांडायची. यंदा तिला वाटलं, ज्या डायनं एवढं मोठं काम आणलं तिला बाहेरच्या बाहेर हळदकुंकू कसं लावायचं? धम्मरत्न नागपूरला निघालेला, म्हणून गोकुळकडून बोल्ट सोडवून तिनं खोबण पाडणारा ठसा काढला, चिंचेनं घासला, आरशासारखा लख्ख केला. त्याच्या बुडाला तेलानं काळी पडलेली एक चकती चिकटली होती. तिला वाटलं, तेलाचा थर धरलेला काही कचरा असेल. ओशट वस्तू देवाच्या पाटावर कशी ठेवायची? ती तिनं उपटून निर्माल्याच्या टोपलीत टाकली, आणि टोपली दुसऱ्या दिवशी फुलांसकट नदीला गेली. ठसा गोकुळनं परत बसवला, अर्ध्या मिलिमीटरनं खाली. *झालं, ताई,* असं भाद्रपदात धम्मरत्न म्हणाला होता, ते त्या चकतीमुळे झालं होतं.

“गोकुळ!” तिनं हाक मारली. “धम्मरत्ननं तुले विचारलं होतं?”

“हाव. बुधवारी. म्या सांगतलं, वहिनीनं पूजेले काढला होता म्हणून.”

“मले काऊन नाही सांगितलं बे?”

“तुमी कुठं विचारलं? तुमी तर पत्रेच मोजून राह्यल्या होत्या.”

मंजुश्री दीपमालाकडे वळली. “मग त्यानं तरी सांगायचं. एका शब्दानं.”

“कसं सांगणार?” दीपमाला म्हणाली. “घरी येऊन म्हणे, ताईच्या हातून पूजेत झालं. मी सांगितलं तर म्हणतील, हा आमच्या देवालेच नावं ठेवते. त्यापेक्षा चकती घरी घासतो, गुपचूप बसवतो, आन् मग ताईले एकटीले सांगतो. सगळ्यांपुढं तुमची मान खाली नको जायले म्हणून त्यानं आपली घातली. आन् तुमी त्याच संध्याकाळी हॉटेलात जाऊन त्याले साप केलं.”

“कोणी सांगितलं तुले?”

“दुसरबीड एवढंसं. सकाळी पोरगं शाळेतून मधूनच परत आलं, म्हणे, बाबा चोर आहे का? ताई, एक विचारू? गोकुळभाऊची पिशवी कधी उघडली तुमी?”

गोकुळ उगाच प्रेसचं चाक पुसायला लागला. मंजुश्रीनं टेबलावरची चकती उचलली.

“त्याले कामावर बोलाव,” ती म्हणाली. “मी त्याची माफी मागते. घरी येऊन मागते.”

“घरी नको. घरी तो चोर नाहीच. चोर तो हॉटेलात आहे.” दीपमालानं पदर खांद्यावर ओढला. “जिथं म्हणाल्या, तिथंच म्हणा. त्याच माणसांपुढं. तोवर तो इकडं पाय ठेवणार नाही, तुमचा माल जावो का राहो.”

“म्हणते.”

“पक्कं?”

“शब्द देते तुले.”

दीपमाला गेली. मंजुश्रीनं स्वतः बोल्ट सोडवले, ठसा वर घेतला, चकती खाली बसवली. केसाएवढाही फरक नव्हता. एकाच संध्याकाळी, घरी, हातानं घासलेली. गोकुळनं प्रेस मारली. झाकण चौकटीत आवळलं, हवा सोडली. दोन. सव्वादोन. अडीच. काटा पुढे सरकत राहिला, झाकणानं पोट पुढे काढलं, पण कडा जागची हलली नाही. पावणेतीनला तिनं हवा काढून घेतली, तसं झाकण मुकाट परत सपाट झालं.

“जमलं!” गोकुळ नाचायचाच बाकी होता. “वहिनी, जालन्याले फोन लावा! आज शंभर काढतो, जेवत बी नाही!”

“तू काढत राह्य.”

“आन् तुमी?”

तिनं साबणानं हात धुतले. नखांतलं तेल निघेना, तेव्हा तसेच पुसले. चार वाजले होते. या वेळी पंजाबरावांच्या हॉटेलात बाकांवर जागा नसते. शाळा सुटलेली, बुलढाण्याची बस यायची वेळ.

“कुठं चालल्या?”

“पंजाबरावांच्या हॉटेलात.”

“चहा पाह्यजे का? मी आणतो ना पळत.”

“चहा नको,” ती म्हणाली.

चपला घातल्या, पदर नीट घेतला, आणि ती रस्त्याच्या कडेकडेनं स्टँडकडे चालू लागली.