पंचफुलाबाईंच्या माहेरचा धारेचा दगड

मी एक जुना दगड आहे. किती जुना, हे नाचणगावात कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगतो: बावीस कोटी वर्षांचा! आणि खरं तर मी दगडही नाही. वाळूच्या दगडात अडकलेलं तोंड आहे मी.

मित्रांनो, लगेच 'डायनोसोर, डायनोसोर' करून टाळ्या पिटू नका, डोकं उठतं माझं. माझ्या काळी डायनोसोर नुकते कुठे उगवले होते. लहानखुरे, कुत्र्याएवढे. मी पाण्यातून तोंड वर काढलं की पळत सुटायचे. मी मगरीसारख्या लांब तोंडाचा, नदीचा मालक. एका पुरात मेलो, वाळूत रुतलो. वाळूचा दगड झाला, हाडांचाही झाला.

ती जागा प्राणहिता नदीकडची. तिथलीच लेक पंचफुलाबाई, तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आल्या. इकडच्या काळ्या दगडावर विळ्याला नीट धार लागत नाही, म्हणून त्यांच्या वडिलांनी मला पेटीत घालून दिलं. तेव्हापासून रोज सकाळी अंगावर पाणी, आणि खस्स, खस्स! "पंचफुलाच्या दगडासारखी धार नाई," असं शेजारणी म्हणतात. कौतुक कसलं डोंबलाचं! खालच्या जबड्यात सतरा दात घेऊन आलो होतो. तीन उरलेत.

मध्ये चार वर्षं किसनराव, म्हणजे पंचफुलाबाईंचे यजमान, पुलगावहून मशीनवर धार लावून आणत. मी मोरीत शेवाळ धरून पडलो होतो. दुर्लक्ष वाईट म्हणतात. अहो, माझ्या नोकरीतली तीच चार वर्षं सुखाची गेली!

परवा त्यांची पुतणी हर्षा आली. ती सावंगीला दातांची डॉक्टरकी शिकते. काकू विळा घासत होत्या, तिनं त्यांचा हातच धरला.

"थांबा काकू! हा दात हाये!"

"दगडाले कुठं दात असतेत, पोरी?"

"पाहा न! हा दात, हा त्याचा खड्डा. कॉलेजात रोज हेच तर पाहून राह्यली मी. मले द्या, जाणत्या माणसाले दाखवते."

"नाई देणार. माह्या बाबानं देल्लेली एवढीच वस्तू उरली."

हर्षा हिरमुसली. पण पोरगी चिवट. "मग राहू द्या. पण माही परीक्षा होईस्तोवर, पंधरा दिवस, या दातांवर विळा फिरवू नका. मग मी त्या माणसालेच इथं आणते."

पंचफुलाबाईंनी माझ्या दातावरून हळूच बोट फिरवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"माय वो! इतके वर्षं याचेच दात घासले का म्या? नाई फिरवत. बाबाची आण."

मला भरून आलं. खोटं कशाला सांगू?

आज सकाळी त्यांनी शब्द पाळला. मला पदरानं पुसलं. दात खाली करून मऊ फडक्यावर अलगद पालथं ठेवलं. मग पाठीवर पाणी शिंपडलं आणि विळा घेतला.

मित्रांनो, त्या पाठीवरच्या पातळ पापुद्र्याखाली माझा वरचा जबडा आहे! एकूण एक दात शाबूत.

जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी सांगणार नाही. काळजी घेणं चालूच आहे माझ्या पाठीवर, खस्स, खस्स! एवढंच करा, दुसऱ्या बाजूला काय आहे ते आधी बघा. आणि सावंगीत कुणाची ओळख असेल, तर परीक्षा गेली खड्ड्यात, हर्षाला आत्ताच्या आत्ता फोन लावा.