चावडीच्या दारातली पूजा

तेरणाकाठच्या बारवेला कुलूप लागलं आणि बायका रिकाम्या घागरी घेऊन माघारी फिरल्या. निजामाचं राज्य. तालुक्याच्या साहेबांची छावणी पडायची होती. त्यांच्या माणसांना, घोड्यांना पाणी राखायचं, गावानं नदीच्या वाळूत झिरे खणावेत, असं महसुलाच्या गिरदावरानं फर्मावलं होतं. आज चावडीत पंचांनी मान डोलावली की ठराव पक्का.

शरणम्मा मात्र घरी गेली नाही. इष्टलिंगाला बारवेचं ताजं पाणी घातल्याशिवाय तोंडात थेंब घ्यायचा नाही, हे तिचं व्रत. सासूनं घालून दिलेलं. अंगात ताप असतानाही मोडलेलं नव्हतं.

"अगं, वाळूतलं पाणी बी पाणीच की," बानूबाई म्हणाली. "तुझा शिव काय चव घिऊन बघतोय व्हय?"

"त्यो न्हाय बघत. म्या बघते." तिनं घागर बानूबाईच्या हाती दिली, तांब्या तेवढा घेतला आणि चावडीकडं निघाली.

बायका चावडीची पायरी चढत नसत. ती चढली.

"शरणम्मा, घरातला बापयमाणूस पाठवायचा," पंच शिवलिंगप्पा म्हणाले. "हितं कारभार चालू हाय."

"चालू द्या की, अप्पा. म्या माझा कारभार करते."

उंबऱ्याच्या आत ती मांडी घालून बसली. कपाळाला भस्म लावलं. गळ्यातल्या चांदीच्या करडगीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, रिकामा तांब्या पुढ्यात ठेवला आणि डोळे मिटले.

"ये क्या तमाशा है, अप्पा? उठाव इनकू," गिरदावर म्हणाला.

शिवलिंगप्पा जागचे हलले नाहीत. त्यांच्याही छातीवर, सदऱ्याखाली, तसंच लिंग होतं. लिंग तळहातावर आलं की पूजा पुरी होईस्तोवर त्या माणसाला हलवायचं नाही, ओलांडायचं तर नाहीच, हे ते आईच्या मांडीवर शिकले होते. आणि चावडीला दार एकच.

"पाणी घातल्याबिगर त्या उठायच्या न्हाईत, साहेब. आन आमाला त्यांना वलांडता येत न्हाय."

"तो पानी देव."

शिपायानं रांजणातलं पाणी आणलं. शरणम्माचा उजवा हात अलगद तांब्याच्या तोंडावर आला. डोळे मिटलेलेच.

ऊन चढलं. गिरदावर जोडे घालून दाराकडं निघाला तसे शिवलिंगप्पा हळूच म्हणाले, "आपण वलांडून जावा, साहेब. आपल्याला कोण अडवणार? पर मग छावणीला गावातनं वैरणीची काडी येणार न्हाय. पंच म्हणून न्हाय बोलत, गावचा म्हणून बोलतो."

गिरदावर थांबला. बाहेर घागरी घेतलेल्या बायकांनी चावडीपुढचा पार भरून गेला होता. त्यानं खिशातली किल्ली काढून शिवलिंगप्पांपुढं टाकली. "एक लोटा. बस."

किल्ली खिडकीतून बानूबाईच्या हाती गेली. तिच्यामागं सगळ्या घागरी गेल्या.

बऱ्याच वेळानं ती आली, ओलीचिंब. तिची चाहूल लागताच शरणम्मानं तांब्यावरचा हात काढला. बानूबाईनं उंबऱ्याबाहेरूनच पाणी ओतलं.

"चाबी?" गिरदावरानं विचारलं.

"ही घ्या की."

"और कुलूप?"

"ते बारवंत पडलं, साहेब. लई खोल हाय."

चावडीत कुणीतरी खोकलं. शिवलिंगप्पा छताकडं बघत राहिले.

शरणम्मानं लिंगाला पाणी घातलं, पदराच्या गाठीतला बेल वाहिला, तीर्थ घेतलं. लिंग करडगीत ठेवून ती उठली आणि दार मोकळं झालं.

"चालू द्या आता, अप्पा," ती म्हणाली. "काय ठरवत व्हता तुमी?"