हरणीच्या नावापुढचा ठिपका

मी एक पाटी आहे मित्रांनो, पण खडूची नव्हे. वय वर्षे चार, म्हणजे आमच्यात म्हातारीच. दुकानात माझ्या खोक्यावर माझं नाव लांबलचक इंग्रजीत होतं. दुकानदार बन्सीधर मला ‘ई-रीडर’ म्हणायचे. मग ज्या घरात मी नांदले, तिथल्या कासाबाई आजींनी मला पहिल्याच दिवशी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, “ही तर पाटी हाय.” तेव्हापासून मी पाटीच झाले, आणि खरं सांगायचं तर ते नाव मला आवडलंही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला ठाऊक नाही. मला पहिली आठवण आहे ती परभणीच्या स्टेशन रस्त्यावरच्या दुकानाची. माझ्या काचेखाली काळ्या आणि पांढऱ्या शाईचे बारीक कण आहेत. विजेचा इशारा मिळाला की ते खालीवर होतात आणि पान उमटतं. एकदा उमटलं की मग त्याला वीज लागत नाही. बॅटरी संपली तरी शेवटचं पान माझ्या तोंडावर तसंच राहतं. काचही गुळगुळीत नाही, वहीच्या कागदासारखी खरबरीत आहे. रंग मात्र मला येत नाहीत. काळा, पांढरा आणि मधले करडे, एवढ्यात माझा संसार.

त्यापायी मला एकदा घरवापसीही घडली. एका साहेबांनी मला हौसेने मागवलं आणि दुसऱ्याच दिवशी परत आणून काउंटरवर ठेवलं. त्यांना माझ्यावर क्रिकेट बघायचं होतं. माझ्यावर चेंडू निघायचा आणि थेट यष्टिरक्षकाच्या हातात दिसायचा, मधलं काही नाहीच. मग मी सात महिने रंगीत टॅबलेटांच्या मागे उभी होते. ते झगमगायचे आणि मी धूळ खायचे.

आणि मग दैवशाला आली. ताडकळसजवळच्या एका गावातली मेंढपाळाची मुलगी, परभणीत जनावरांच्या डॉक्टरकीची पदविका शिकणारी. आठवड्यातले तीन दिवस कॉलेज आणि उरलेले दिवस मेंढरांमागे. तिला अभ्यास करायचा होता तो रानात, भर उन्हात. तिने एका हातात चकचकीत टॅबलेट घेतला, दुसऱ्या हातात मला घेतलं आणि सरळ दुकानाबाहेर एप्रिलच्या उन्हात जाऊन उभी राहिली. टॅबलेटमध्ये तिला स्वतःचं तोंड दिसलं. माझ्यात अक्षरं दिसली.

“चार्जिंग किती दिवस टिकतंय?” तिने विचारलं.

“नुसतं वाचलं तर आठ-धा दिवस,” बन्सीधर म्हणाले. “अन् टॅबलेटवरचे सगळे ॲप चालतेत. पर ताई, आधीच सांगतो, रंग न्हाई यात.”

“मला रंग काय करायचेत? अक्षरं दिसली म्हंजी झालं.”

तर मित्रांनो, दोघांपैकी कोणीही खोटं बोललं नव्हतं. सगळे ॲप चालतात हेही खरं, आणि रंग नाही हेही खरं. या दोन खऱ्या गोष्टी एके दिवशी एकमेकींना भेटतील, हे तेव्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी विकली गेले याच आनंदात होते.

पुढची तीन वर्षं माझी चंगळ होती. पीक निघालं की दैवशालाचे वडील बिरू चाळीसेक मेंढ्या घेऊन शेतकऱ्यांच्या रानात मुक्कामाला जायचे. रात्री मेंढ्या शेतात बसवायच्या, म्हणजे जमिनीला लेंडीखत मिळतं. अशा रानात विजेचं बटण कुठून येणार? मी मात्र एकदा पोटभर चार्जिंग घेऊन निघाले की आठवडाभर हूं की चूं करायचे नाही. दैवशाला बाभळीला टेकून वाचायची, पेनाने माझ्यावर टिपणं काढायची. मी झोपले तरी चालू पान तोंडावर राहील असं तिने मला लावून ठेवलं होतं. म्हणजे हात मेंढीच्या खुरात गुंतलेले असले तरी नजर टाकून वाचता यायचं. पान उलटताना आधीच्या अक्षरांची पुसट सावली माझ्यावर राहते, हा माझा दोष आहे. ती घालवायला मला एकदा पूर्ण काळं व्हावं लागतं. ते पाहिलं की कासाबाई म्हणायच्या, “बघा, पाटीनं डोळं मिचकावलं.”

कौतुकही खूप झालं. कॉलेजातल्या मुली मोबाईलवर वाचून डोळे चोळायच्या आणि दैवशाला मला मिरवायची. एकदा हरणीने मला चाटलंसुद्धा.

हरणीबद्दल सांगायला हवं. हरणी म्हणजे कासाबाईंची मेंढी. जन्मली तेव्हा तिची आई गेली होती. आजींनी तिला बाटलीने दूध पाजून, पदराखाली घेऊन जगवलं होतं. त्यामुळे हरणीला आपण मेंढी आहोत हे कधी नीट पटलंच नाही. कळप पुढे चालायचा आणि ही आजींच्या मागे. आजी बसल्या की ही बसायची. यंदा तिला एक कोकरूही झालं होतं.

यंदाच्याच पावसाळ्यानंतर गावात मेंढ्यांच्या तपासणीचं शिबिर झालं. डॉक्टर नागसेन आले होते, तरुण आणि कामाला वाघ. त्यांनी प्रत्येक मेंढीच्या कानातला बिल्ला आणि नाव एका ॲपमध्ये नोंदवलं, लेंड्यांचे नमुने नेले आणि जंताच्या औषधाची बाटली बिरूंच्या हाती दिली. दैवशाला त्या दिवशी कॉलेजात होती. संध्याकाळी बिरूंनी तिला निरोप सांगितला.

“औषध सगळ्यांना द्यायचं न्हाई म्हणलेत डॉक्टर. उगं पाजत गेलं की मग ते लागू पडत न्हाई. ॲपवर हरेक मेंढीच्या नावापुढं ठिपका येतो. जिला लागंल तिचा ठिपका येगळा येईल. तिलाच पाजायचं.”

मूळ निरोप असा होता, की लाल ठिपका आला तर औषध द्या, हिरवा आला तर राहू द्या. बिरूंनी तो आपल्या परीने सोपा केला. त्यात त्यांची चूक मी काढणार नाही.

घरात बोलण्यापुरता एक बटणांचा फोन होता, म्हणून ते ॲप दैवशालाने माझ्यात घेतलं. माझ्यात सिमकार्ड बसत नाही. सोमवारी ती ताडकळसच्या बाजाराला गेली आणि तिथल्या झेरॉक्सच्या दुकानातल्या वायफायला तिने मला जोडलं. यादी आली. एकोणचाळीस ठिपके हिरवे. तीन ठिपके लाल. त्या तिघींत हरणी होती.

हे सगळं माझ्या पोटात आलं मित्रांनो, अगदी स्पष्ट आलं. लाल म्हणजे लाल, हिरवा म्हणजे हिरवा. पण तोंडावर आणताना मी काय करणार? त्या लालचा जो करडा झाला, तोच त्या हिरव्याचाही झाला. बेचाळीस नावं आणि बेचाळीस एकसारखे ठिपके.

दैवशालाने यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. तिचा चेहरा खुलला. घरी येऊन म्हणाली, “बाबा, एकाबी मेंढीचा ठिपका येगळा न्हाई. सगळ्या ठीक हायत.”

तिला माझे दोष ठाऊक नव्हते का? होते की. दुकानातच सांगितले होते. पण तीन वर्षं मी इतकी नीट वागले, की मला रंग येत नाहीत हे ती विसरून गेली. मीसुद्धा जवळजवळ विसरले होते.

आठवड्याने हरणी कळपाच्या मागे राहू लागली. तशी ती मागेच असायची, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. कासाबाईंना वाटलं. त्यांनी तिची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली.

“दैवशाला, पापणी पांढरी पडलीय हिची. रगत न्हाई अंगात. दवा पाज हिला.”

“आजी, तपासणी झालीय तिची. सरांनी नमुना बघितलाय,” दैवशाला म्हणाली आणि तिने मला आजींपुढे धरलं. “हे बघ, हरणी. बाकीच्यांसारखाच ठिपका हाय. उगं औषध दिलं तर पुढं लागू पडायचं न्हाई.”

आजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सत्तर वर्षं मेंढरांत काढलेली ती बाई माझ्यापुढे गप्प झाली.

“पाटीवर आलंय म्हणल्यावर आपुन काय बोलावं,” एवढंच त्या म्हणाल्या.

मला त्या क्षणी फुटून जावंसं वाटलं. माझ्या पोटात लाल होता. आजींच्या अंगठ्याला जे कळलं होतं, तेच माझ्या पोटात लिहिलेलं होतं. आम्ही दोघी एकच गोष्ट जाणत होतो आणि मीच त्यांना खोटं पाडत होते. मला बोलता येत नाही. दैवशालाने बोट लावलं की मी यादी उघडायची, आणि उघडली की पुन्हा तेच करडे ठिपके. पान उलटताना मी काळी व्हायचे, तेव्हा वाटायचं की पांढरं होताना एकदा तरी, एक कणभर तरी लाल उमटावा. तो माझ्यात नाहीच, तर उमटणार कुठून?

आजींनी त्यांच्या रीतीने एक गोष्ट केली. ज्या मेंढीवर नजर ठेवायची, तिच्या कपाळावर मेंढपाळ गेरूचा तांबडा टिळा लावतात. आजींनी बोट ओलं करून गेरूत बुडवलं आणि हरणीला टिळा लावला. आता तो सगळ्यांना दिसत होता. दैवशालालाही दिसत होता. पण त्यावर तिने मला उघडून खात्री करून घेतली.

पाचव्या दिवशी हरणीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबली, जंतांनी रक्त शोषून घेतल्याची खूण. सहाव्या दिवशी सकाळी ती उठली नाही. आजींनी हाक मारली, तेव्हा तिने मान तेवढी उचलली. दैवशाला घाबरली. बिरूंच्या फोनवरून तिने डॉक्टरांना फोन लावला. मी तिच्या मांडीवर होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“हरणी?” डॉक्टर म्हणाले. “अहो, तिला लाल ठिपका टाकलाय मी. दोन आठवडे झाले. औषध दिलं नाही का?”

“लाल? सर, सगळे ठिपके एकसारखेच हायत.”

“एकसारखे कसे असतील? तुम्ही कशावर बघायलात?”

दैवशालाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. तिच्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“सर, माझ्या पाटीला रंग न्हाईत,” ती म्हणाली.

“हे मी विचारायला पायजे होतं,” डॉक्टर हळू म्हणाले आणि त्यांनी लाल ठिपक्यांची तिन्ही नावं वाचून दाखवली. बाकीच्या दोघींना लगेच औषध पाजलं आणि त्या वाचल्या. हरणीलाही पाजलं. डॉक्टर दुपारी मोटारसायकलवरून आले तेव्हा तिचं डोकं आजींच्या मांडीवर होतं आणि अंग गार पडलं होतं. कोकरू तिला ढुशा देत होतं.

दैवशाला रडत म्हणाली, “आजी, तू सांगितलं होतंस मला.” आजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कोकरासाठी बाटली शोधायला उठल्या.

मला पिशवीत टाकलं गेलं. बॅटरी दिवसादिवसाने उतरली आणि एक दिवस संपली. पण माझा स्वभाव तुम्हाला सांगितलाच आहे. शेवटचं पान राहतं. ती यादी माझ्या तोंडावर तशीच राहिली. वरून सातवी ओळ, ‘हरणी’, आणि पुढे तो करडा ठिपका. तोंड फिरवायची सोय मला नाही. पिशवीच्या अंधारात महिनाभर मी ते नाव घेऊन पडून होते.

मग एका सकाळी आजींनीच मला बाहेर काढलं. पदराने धूळ पुसली आणि दैवशालाला हाक मारली.

“यात हरणी कुठं हाय?”

दैवशालाने बोटाने ओळ दाखवली. आजींच्या हाताला गेरू होता, कोकराला नुकताच टिळा लावलेला होता. त्यांनी ते बोट उचललं आणि माझ्या काचेवर, त्या करड्या ठिपक्यावर दाबलं.

“आता दिसतंय का?” त्यांनी विचारलं.

“दिसतंय आजी.”

माझ्या अंगावर आलेला तो पहिला रंग. ज्याची मी इतके दिवस वाट पाहिली तो लाल शेवटी उमटला, पण बाहेरून आणि फार उशिरा.

पुढे दैवशालाची परीक्षा आली. तिने मला चार्जिंगला लावलं. यादी गेली, पुस्तकाची पानं आली. माझी काच खरबरीत असल्याने गेरू तिच्यात चांगला रुतून बसला आहे. आता कुठलंही पान उघडा, सातव्या ओळीवर तांबडा ठिपका असतोच. दैवशाला त्याच्या आजूबाजूने वाचते. मेंढ्या तपासायला कोणाही मेंढपाळाच्या घरी गेली की आधी कासाबाईंसारखं माणूस शोधते, आणि त्याचं ऐकल्यावर मग पाटी उघडते. डॉक्टरांनीही त्या ॲपमध्ये ठिपक्यापुढे ‘औषध द्या’ असे शब्द घालायला लावले आहेत. शब्द मला येतात. हे दोन शब्द आधी आले असते, तर मी ते उन्हातसुद्धा ठळक दाखवले असते.

मित्रांनो, मला आजही लाल दाखवता येत नाही आणि पुढेही येणार नाही. तुम्ही माझ्यासारखी एखादी वस्तू घ्याल तेव्हा तिला काय काय येतं हे दुकानदार सांगेलच. तिला काय येत नाही ते तुम्ही विचारा, आणि विसरू नका. कारण आम्हाला कितीही वाटलं तरी आठवण करून देता येत नाही.

आणखी एक विनंती. कधी मी तुमच्या हाती आले आणि काचेवर मळ लागलाय म्हणून तुम्ही ओलं फडकं घेतलंत, तर बाकी सगळी काच खुशाल पुसा. सातवी ओळ तेवढी राहू द्या.