आडवा ठेवलेला पाट

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाट आहे. तुम्ही जेवायला बसता तसला सपाट नव्हे. गुडघ्याएवढा उंच, मधे खोलगट. माझा मालक क्वामेना विनेबा ते शामा या समुद्रकाठच्या रस्त्यावर वडापची गाडी चालवायचा. त्यानं मला स्वतः कोरलं. एक पाय आखूड झाला, तरी पाहुणे वाहवा करायचे. पाहुणेच ते, दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी माझ्यावर बसून तो बायकोला, अराबाला, गावोगावच्या गमती सांगायचा. "पुरे तुमच्या थापा," ती म्हणायची. एकदा नेऊन दाखवतो, असं त्याचं ठरलेलं उत्तर. ते राहूनच गेलं. तो वारला.

आमच्याकडे मालक उठला की पाट आडवा करतात, रिकाम्या जागी भलतंच कुणी येऊन बसू नये म्हणून. क्वामेना गेला त्या दिवशी अराबानं मला आडवा केला, तो आडवाच. फार वाईट वाटायचं हो. कुणी बसणारच नसेल तर मी पाट कसला? चुलीतलं लाकूड बरं.

मग एक दिवस तिनं मला फडक्यात बांधलं आणि आमच्या विनेब्याहून एकटीच त्याच्या रस्त्यानं निघाली. आपामला रस्त्याकडेला जेवणारी माणसं ओळख ना पाळख, तरी "या, बसा जेवायला" म्हणत होती. सॉल्टपाँडला होड्यांवर शेजाऱ्यांना मारलेले टोमणे रंगवले होते. क्वामेनाची एकेक थाप खरी निघत होती. दर मुक्कामी मला आडवा ठेवून ती शेजारी जमिनीवर बसायची.

आमच्याकडची रीत अशी, की पाहुण्याला आधी बसायला द्यायचं, मग पाणी, आणि मगच विचारायचं, "इथं सारं कुशल आहे. कशासाठी येणं केलंत?" ती म्हणायची, सहज, समुद्र बघायला. कुणाला पटेना. आनोमाबूचा एक म्हातारा म्हणाला, "का बाई, विनेब्याचा आटला?"

शामाला पोचलो तो मंगळवार. मंगळवारी समुद्राला विश्रांती, होड्या वाळूवर. त्यामुळे आम्ही ज्या घरी थांबलो, त्या एकुआ आजीचं अंगण जाळी शिवणाऱ्या माणसांनी गच्च भरलेलं. आजीनं पाणी दिलं, तोच प्रश्न विचारला. 'सहज' ऐकून तिनं तो पुन्हा विचारला.

"माझा नवरा गेला," अराबा शेवटी म्हणाली. "तो सांगायचा ते खरं होतं का, बघायला आले."

"मग?"

"सगळं खरं होतं. मीच मेली हसण्यावारी न्यायची." आणि ती रडली.

तेवढ्यात एक घामाघूम ड्रायव्हर दारात आला. गाडीचा टायर फुटला होता. त्याला बसवल्याशिवाय पाणी देता येईना, आणि बसायला जागा नव्हती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागितलं मात्र कुणीच नाही. अराबा उठली, डोळे पुसले, मला उभा केला आणि म्हणाली, "बसा."

तो धपकन बसला. मित्रांनो, किती दिवसांनी अंगावर माणसाचं वजन आलं!

पाणी पिऊन तो उठला. "बाई, राग मानू नका, पण तुमच्या पाटाचा एक पाय आखूड आहे."

"माहीत आहे," अराबा म्हणाली. "आमच्या ह्यांनी केलाय." आणि चक्क हसली.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची जागा जरूर जपा. पण दारात कुणी दमून उभं असेल, तर ती त्याला द्या. आम्हा पाटांना धुळीपेक्षा माणूस सोसवतो.

ड्रायव्हर गेल्यावर अराबानं मला आडवा करायला हात पुढे केला. जरा थांबली. मग स्वतःच बसली, आणि मी तिच्याखाली डुगडुगलो.