पॅसेंजर आत असताना

आमच्या ह्यांना ब्रेक लावलेला आवडत नाही. दुसऱ्यानं लावलेला तर नाहीच नाही, पण स्वतः लावायची वेळ आली तरी तोंड असं करतात, जणू भर सभेत कुणी ह्यांना खोटं पाडलंय. उभा जन्म शहरात बस चालवली. "ब्रेक दाबावा लागला म्हणजे ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं," हे ह्यांचं तत्त्व. ह्यांच्या बसमध्ये बायका उभ्या उभ्या सुईत दोरा ओवायच्या, असं डेपोतले लोक सांगत. त्यातलं निम्मं खोटं असेल, पण उरलेलं निम्मं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी एक जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. घेतली कसली, प्रेमातच पडले. त्या गाडीचा गुणच असा की वेगाच्या पेडलवरचा पाय उचलला की ती आपली आपण हळू होते, आणि थांबता थांबता बॅटरीत थोडी वीजसुद्धा परत भरते. ब्रेकला पाय लावायचं कामच नाही. ह्यांना तर स्वर्ग दोन बोटं उरला. "अगं, मी जे घासून घासून शिकलो, ते ही जन्मतःच शिकून आलीय!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मीच पुरं करायला लागले. डेपोतली दुसरी खोड म्हणजे टाकी फुल असल्याशिवाय गाडी दारातून हलवायची नाही. मग काय, रोज संध्याकाळी गाडी चार्जिंगला आणि सकाळी बॅटरी काठोकाठ. आम्ही दोघं भाजीला जायचो, डॉक्टरकडे जायचो, टेकडीपलीकडे माझ्या बहिणीकडे जायचो. कधीकधी कुठंच नाही, नुसतेच फिरून यायचो.

आणि मग गाडीनं आपले रंग दाखवायला सुरुवात केली.

पहिल्यांदा बाजारात. मी मांडीवर भोपळा घेऊन बसले, ह्यांनी बटण दाबलं, आणि समोरचे सगळे दिवे एकदम पेटले. लाल, पिवळे, त्यात एक कासवाचं चित्र. गाडी मात्र ढिम्म. मागच्यांनी हॉर्न वाजवून नुसता उच्छाद मांडला. ह्यांनी परत दाबलं, परत दाबलं, कपाळावर घाम. शेवटी मुलाला फोन केला. तो येऊन एकदा बटण दाबतो काय आणि ती बया मुकाट सुरू होते काय! ह्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्यांदा आमच्याच गल्लीत. आमचं घर चढावर आहे, बाहेर पडलं की लगेच उतार. सकाळी निघालो, उतारावर ह्यांनी नेहमीसारखा पाय उचलला, पण गाडी हळूच होईना. मग ह्यांनी ब्रेक दाबला. खर्रर्र असा आवाज झाला, गाडी एका बाजूला ओढली गेली, फुटपाथावर चढली आणि शेजारणीची कचऱ्याची बादली आडवी करून थांबली. लागलं कुणालाच नाही. पण शेजारीण झाडांना पाणी घालत होती, ती अशी काही किंचाळली की अख्खी गल्ली गोळा झाली.

आमचे चिरंजीव विमा कंपनीत आहेत. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघतात, त्यामुळे त्यांना रस्ता म्हटलं की अपघातच दिसतो. संध्याकाळी आला, बुटांसकट सोफ्यावर टेकला.

"बाबा, तुम्ही चुकून दुसरं पेडल दाबलं का?"

"मी ब्रेकच दाबला."

"मग गाडी थांबली का नाही?"

हे आपल्या पायाकडे बघायला लागले. मुलानं किल्ली उचलून खिशात टाकली. ऑफिसातल्या कुणालातरी गाडी हवीच आहे म्हणाला. "उद्या बादलीच्या जागी कुणाचं लेकरू असलं तर?" आता ह्यावर आईनं तरी काय बोलायचं! साठी बुद्धी नाठी असं तो तोंडानं बोलला नाही, पण त्याच्या डोळ्यांत ते मला स्पष्ट वाचता आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि खरं सांगू? त्याच वेळी माझ्याही मनात पाल चुकचुकली होती.

त्यानंतर ह्यांनी बोलणंच टाकलं. सकाळी उठून गाडी पुसायचे, काचा लख्ख करायचे, पण आत बसायचे नाहीत. माझ्या बहिणीचा फोन आला की उठून दुसऱ्या खोलीत. मी विचारलं, चिडलात का? तर म्हणे, "नाही गं. विचार करतोय. माझा पाय कुठं पडला होता, तेच आठवतोय." स्वतःच्या पायावरचा ह्यांचा भरवसा उडाला होता. ते ऐकलं आणि मी मुलाला फोन लावला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय तुझी," मी म्हटलं. "आधी गाडी तपासू, मग बाप तपासू. गाडीत दोष निघाला तर किल्ली बाबांच्या हातात. नाही निघाला तर हे परत गाडीला हात लावणार नाहीत. कबूल?"

तो कबूल झाला. ह्यांनीही मान हलवली. माझी मात्र पाचावर धारण बसली, कारण दोष निघाला नाही तर हे असे गप्पच बसून राहणार होते, आणि तेही मीच ठरवून दिल्यासारखं.

गॅरेजवाली मेकॅनिक म्हणजे एक तिशीची पोरगी. डोक्याला रुमाल, कोपरापर्यंत रबरी मोजे, कारण ह्या गाड्यांना उघड्या हातानं शिवायचं नसतं. आणि तोंडाचा पट्टा माझ्याहून जोरात, म्हणजे बघा. तिनं आधी पुढचं झाकण उघडून कोपऱ्यातल्या एका लहानशा बॅटरीला मीटर लावला.

"काकू, ह्या गाडीत बॅटऱ्या दोन. मोठी गाडी पळवते. ही छोटी सकाळी मोठीला हाक मारून उठवते. छोटीच गळाठली की सगळे दिवे लागतात आणि गाडी हलत नाही. जरा वेळ गेला की हिला परत धुगधुगी येते. ही बिचारी म्हातारी झालीय."

"बघ रे," मी मुलाला म्हटलं, "म्हातारं कोण झालंय ते!"

"दिव्यांचं ठीक आहे," तो म्हणाला. "पण गाडी थांबली नाही त्याचं काय?"

मग तिनं गाडी लिफ्टवर चढवली, चाकं उतरवली, आणि कमरेवर हात ठेवून हसायलाच लागली. चाकामागे लोखंडी चकती असते, तिला दोन बाजूंनी दाबलं की गाडी थांबते. त्या चकत्या आरशासारख्या हव्यात म्हणे. ह्या तर समुद्रातून काढल्यासारख्या दिसत होत्या. बोट फिरवलं की गंजाची भुकटी. एका बाजूचा ब्रेक तर हातोडी मारल्याशिवाय हलेना.

"काका, त्या दिवसाच्या आधी ब्रेक शेवटचा कधी दाबला होता?"

"ह्या गाडीत?" ह्यांची छाती कित्येक दिवसांनी पहिल्यांदा पुढं आली. "आठवतसुद्धा नाही."

"आधीच्या मालकानं गाडी उघड्यावर ठेवली असणार, गंज तेव्हाच धरला. तुम्ही तो उतरूच दिला नाहीत. चार्जिंग किती करता?"

"काठोकाठ."

"आणि घरातून निघालं की उतार?"

"हो."

"झालं तर मग!" तिनं टाळी वाजवली. "पाय उचलल्यावर गाडी हळू होते ती वीज परत बॅटरीत घालून. बॅटरी तुडुंब असली तर वीज घालणार कुठं? पोट भरलेला माणूस ताटावर आडवा हात धरतो ना, तशी बॅटरी नको म्हणते. मग गाडी ब्रेकच्या भरवशावर, आणि ब्रेकचा हा अवतार. एरवी हळूच उतरत असाल, म्हणून इतके दिवस निभावलं. पेडल बरोबरच दाबलं होतंत तुम्ही. सवयी दोन्ही चांगल्या, काका, पण अति तिथं माती."

मी हसत सुटले. जन्मभर ज्या दोन गोष्टींचा तोरा मिरवला, त्या दोघींनी मिळून ह्यांना बादलीवर घातलं होतं! हे आधी रुसल्यासारखे झाले. मग चकतीवर बोट फिरवलं, लाल झालेलं बोट बघितलं आणि हळूच म्हणाले, "म्हणजे पाय बरोबर पडला होता."

मुलगा मात्र मुरलेला. "गाडीत दोष होता, मान्य. पण पाय ठीक आहे हे बघितल्याशिवाय किल्ली नाही."

"ठरलं काय होतं आपलं?" मी भडकले.

"आई, बापच आहेत माझे. परके असते तर मी बघितलंही नसतं." खरंच होतं ते.

नव्या चकत्या, नवी छोटी बॅटरी बसली आणि आम्ही गाडी न्यायला गेलो. नवे ब्रेक आधी चांगले जोरात दाबून बसवावे लागतात, मेकॅनिक म्हणाली. गॅरेजमागे लांबलचक मोकळं आवार होतं. तिनं तिथं खडूनं एक रेघ मारली आणि पुढे रिकामी खोकी रचली. "रेघ आली की जीव खाऊन ब्रेक. हळू दाबलात तर मोटरच गाडी थांबवते, चकत्यांना कामच मिळत नाही. खोकी पडता कामा नयेत."

मी ह्यांच्या शेजारी बसले. मुलगा हाताची घडी घालून भिंतीशी. गाडी वेगात निघाली, रेघ आली, आणि ह्यांनी इतका अलगद ब्रेक लावला की माझ्या मांडीवरची पर्ससुद्धा हलली नाही. खोकी भुईसपाट. दुसऱ्यांदा तेच. मेकॅनिक ओरडली, "काका, जोरात!" तिसऱ्यांदाही खोकी गेली. मुलगा खिडकीशी आला. त्याचा चेहरा उतरला होता. माझ्या कानात म्हणाला, "आई, पायात जोरच उरला नाही गं त्यांच्या."

मी वाकून ह्यांच्या पायाकडे बघितलं. पोटरी दगडासारखी ताठ झाली होती. पायात जोर होता. हे पाय मागं खेचून धरत होते.

"अहो, दाबत का नाही?"

"तू बसलीयस ना."

"मग?"

"पॅसेंजर आत असताना असा ब्रेक मारायचा नसतो."

इतकं साधं, की जणू मी काही वेडपटासारखं विचारलंय. इकडे किल्ली पणाला लागलेली, आणि ह्यांना माझ्या मानेला हिसका बसेल ह्याची काळजी! मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हीत राग आधी बाहेर पडला. "आग लागो तुमच्या त्या तत्त्वाला!" म्हणत मी उतरले आणि दार धाडकन आपटलं.

गाडी मागं गेली. एकटे हे, आणि रिकामी सीट. रेघ आली तशी गाडीनं नाक खाली घातलं आणि जागच्या जागी थांबली. खोकी कुठल्या कुठं लांब! मेकॅनिकनं शिट्टी मारली. माझा जीव भांड्यात पडला. मुलाचा मात्र अजून विश्वास बसेना. "एकदा मला बसू द्या," म्हणाला आणि आत बसला. आता हळू लावतात बहुतेक, असं मला वाटलं. छे! असा दणका दिला की त्याचा चष्मा उडून समोरच्या काचेवर आदळला.

"अहो," मी ओरडले, "पॅसेंजर आहे ना आत!"

"हा कसला पॅसेंजर?" हे म्हणाले. "हा इन्स्पेक्टर!" आणि स्वतःच खदाखदा हसायला लागले. मुलगा चष्मा शोधता शोधता हसला. किल्लीचं नाव कुणी काढलंच नाही. फाटकाशी आल्यावर चिरंजीव म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी बसनं येतो."

आता हे बॅटरी काठोकाठ भरत नाहीत. आणि आठवड्यातून एकदा, गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर, जोरात ब्रेक मारायचा असं मेकॅनिकनं बजावलंय. तिथं पोचलो की हे गाडी कडेला घेतात आणि मला म्हणतात, "उतर." मग मी पिशवी धरून रस्त्याच्या कडेला उभी, आणि हे एकटेच पुढं जाऊन दणादण ब्रेक मारून परत मला घ्यायला येतात. एकदा एका सायकलवाल्यानं थांबून विचारलं, "काकू, भांडण झालं का?"

परवा वारा फार होता. हे म्हणाले, "उतर."

"नाही उतरत," मी म्हटलं. "मी पॅसेंजर नाही, मालकीण आहे."

ह्यांनी खूप समजावून बघितलं. मी हलले नाही. शेवटी ह्यांनी आरशात बघितलं, मागं कुणी नव्हतं, गाडीला वेग दिला. ब्रेक दाबायच्या क्षणभर आधी ह्यांचा एक हात स्टिअरिंगवरून सुटला आणि माझ्यासमोर आडवा आला.

"अहो, पट्टा आहे की मला!"

"असू दे," हे म्हणाले आणि ब्रेक दाबला.

गाडी झटक्यात थांबली. हात मात्र ह्यांनी जरा उशिरानंच काढला.