सावलीच्या खांद्यावर

मी एक कॅसेट बोलतेय. गाण्यांची नव्हे हं, व्हिडिओ गेमची. तळहाताएवढं करडं अंग, खाली सोनेरी दातांची ओळ आणि छातीवर अर्धवट सोललेलं चित्र. हल्ली मला कोणी हातात घेतलंच, तर उलटसुलट करून विचारतं, "हिचं करायचं काय?" विचारतात हे तरी बरं. मला प्रश्न विचारणारी माणसं आवडतात.

माझ्या पोटातला खेळ दिसायला साधा. एक बुटका दिवेवाला कंदील घेऊन मनोरा चढतो. उड्या मारायच्या, काटे चुकवायचे, सगळ्या खेळांत असतं तसंच. पण त्याच्यामागे भिंतीवर त्याची सावली पडते आणि ती कशासाठी आहे हे कोणी सांगत नाही. मनोऱ्याच्या टोकाला एक बंद खिडकी आहे. तिच्याखालचा कट्टा इतका उंच, की कितीही उड्या मारा, दिवेवाला आपटतोच.

मला घडवणारी मंडळी भारी खोडकर. खेळायच्या दोन रिमोटांपैकी दुसऱ्याचं बटण दाबून ठेवलं की सावली जागच्या जागी थांबते, घट्ट होते, आणि दिवेवाला तिच्या खांद्यावर पाय देऊन वर चढतो. म्हणजे एकट्याने चढताच येऊ नये, अशी सोय त्यांनी करून ठेवली. हे सगळं माझ्यासोबतच्या पुस्तिकेत छापलं होतं. पण मी या घरात आले ती सेकंडहँड, डब्याविना आणि पुस्तिकेविना.

घरात दोन भावंडं होती, दादा आणि धाकटी. पडद्यावर माणूस एकच, तेव्हा दुसरा रिमोट बिनकामाचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. तो जोडलेला असायचा खरा, पण धाकटी त्याच्यावर चक्क बसायची. आपला रिमोट दादाच्या मित्रांनी घेऊ नये म्हणून. आणि मी चालले नाही की दोघं मिळून माझ्या दातांवर फुंकर मारायचे. सगळी दुनिया मारायची. त्या ओलसर फुंकरीने माझे दात गंजत चालले होते, पण सांगणार कोणाला?

एका दुपारी बाबा रात्रपाळी करून झोपले होते म्हणून आवाज बंद होता. दादा काही केल्या पाळी देईना. धाकटी रुसली आणि पडद्याकडे पाठ करून फतकल मारून बसली. खाली रिमोट होताच. एरवी न दबणारं बटण या वेळी नेमकं दाबलं गेलं, सावली थांबली, आणि उडी मारलेला दिवेवाला तिच्या खांद्यावर टेकला. दादाचे डोळे एवढे मोठे झाले. दुसरी उडी, कट्टा, आणि खिडकी उघडली.

"उघडली! अगं बघ, आत दोन खुर्च्या आहेत!"

ती वळेपर्यंत पडदा पांढरा होऊन खेळ पहिल्यापासून सुरू झाला होता.

"हरलास ना?" ती म्हणाली. "आणि खिडकीत खुर्च्या कशाला असतील? थापाड्या."

त्यानंतर दादाने जंग जंग पछाडलं. खिडकी काही उघडली नाही, आणि थापाड्या हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. घरात कोणी बढाई मारली की सगळे म्हणायचे, "खिडकी उघडली वाटतं!" आईसुद्धा म्हणायची. दादा परीक्षेत पहिला आला तेव्हाही म्हणाली. तोही हसायचा, पण हळूहळू त्याने घरात काही सांगणंच सोडून दिलं. मला फार वाईट वाटायचं. खरं काय ते मला एकटीला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

पुढे मी माळ्यावर गेले. दादा लिफ्ट दुरुस्त करू लागला, धाकटी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासू लागली.

परवा आईबाबा लहान घरात राहायला गेले आणि ही दोघं मागची आवराआवर करायला आली. खोक्यात मी सापडले, सोबत खेळाचं यंत्र आणि दोन्ही रिमोट. जुना टीव्हीही होता, कारण तो उचलून फेकायला कोणी पुढे येत नव्हतं.

"तुझी खिडकी," धाकटी हसली.

दादा हसला नाही. "मी कामावर पडलो, पाठीचं हाड मोडलं, ते तुम्हाला दोन महिन्यांनी कळलं. का सांगितलं नाही, माहितेय?"

"का?"

"म्हटलं, खिडकी उघडली वाटतं, असं म्हणाल."

तिने टीव्हीवरची धूळ पुसली. मग म्हणाली, "लाव. बघू तरी."

तो फुंकर मारायला गेला तेवढ्यात तिने मला काढून घेतलं. "फुंकतोस काय? थुंकी उडते." पर्समधलं काच पुसायचं औषध आणि मऊ फडकं काढून तिने माझे दात एकेक करून पुसले. इतक्या मायेने मला कोणी कधी हात लावला नव्हता. मी लगेच सुरू झाले.

रिमोटच्या वायरी एकमेकींत गुंतलेल्या, म्हणून त्याने दोन्ही जोडले. हात सगळं विसरले नव्हते. तो मनोऱ्याच्या टोकापर्यंत पोचला आणि तिथे आपटत राहिला. पुन्हा, पुन्हा. माझा जीव टांगणीला लागला.

"राहू दे दादा," म्हणत ती उठायला गेली. आधाराला हात टेकला, तो रिमोटवर.

"थांब," तीच म्हणाली. "तुझी सावली मागे राहिली."

दादाने तिच्या हाताकडे पाहिलं. "दाबून ठेव. सोडू नकोस."

एक उडी, सावलीचा खांदा, दुसरी उडी. खिडकी उघडली. आत दोन खुर्च्या. एकीवर दिवेवाला जाऊन बसला आणि दुसरीवर त्याची सावली. मग पडदा पांढरा झाला.

"दोन खुर्च्या," ती हळूच म्हणाली. हातातल्या रिमोटकडे बघत राहिली. "म्हणजे त्या दिवशी मी..."

"रुसून बसली होतीस."

"याच्यावर." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि थापाड्या तुला म्हणत राहिले."

आता मी खोक्यात नाही, टीव्हीशेजारी आहे. पुढचं माझं काय होईल ते होवो. कुठे माझ्यासारखी कोणी सापडली तर फुंकर मारू नका, पुसा, आणि दुसरा रिमोट कोणाच्या तरी हातात द्या.

धाकटीने तेव्हाच फोन लावला होता.

"आई, दादाची खिडकी उघडली," ती म्हणाली. "नाही गं, चेष्टा नाही. मी पाहिली."